पट्टीवरचं तेल

गाडीच्या इंजिनात कोणतं तेल घालायचं हे ज्याला दुसऱ्याला विचारावं लागतं त्याने गाडी घेऊच नये, असं उस्तादचं स्पष्ट मत होतं. तरीही लोकांनी आपल्याला विचारावं अशी त्याची रोज सकाळपासून अपेक्षा असे. न विचारणारे माजलेले आणि विचारणारे बिनडोक, अशी त्याने जगाची सरळ वाटणी करून टाकली होती. तिसरा प्रकार त्याच्या पाहण्यात नव्हता.

त्यातही सिंथेटिक तेल मागणाऱ्यांवर त्याचा खास राग. डब्याचा रंग आवडला म्हणून घेणारे, मित्राच्या मेहुण्याने सांगितलं म्हणून घेणारे, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडून वाचणारे. "पुस्तिका लिहिणारा खुर्चीत बसलेला असतो," तो म्हणे, "इंजिनाखाली नसतो." चाळीस वर्षं तो स्वतः इंजिनाखाली होता हे खरं. पण गुडघे गेले, वर्कशॉप बंद झालं, आणि आता तोही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्चीतच बसलेला असे, हे त्याच्या लक्षात कोणी आणून दिलं नव्हतं. खाली पार्किंग होतं. तिथे लागणाऱ्या प्रत्येक गाडीबद्दल आणि ती लावणाऱ्या प्रत्येकाबद्दल त्याचं काही ना काही म्हणणं असे, आणि ते चांगलं कधीच नसे.

उस्तादचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं बोट. इंजिनातल्या तेलाचा एक थेंब तो अंगठा आणि तर्जनीमध्ये घ्यायचा, डोळे मिटून चोळायचा, बोटं हळूच फाकवायचा आणि निकाल सांगायचा. तेल किती चाललंय, किती चालेल, गाडी कोणी दामटली, कोणी रडतखडत हाकली, सगळं त्या थेंबात त्याला कळे. निदान तो तसं सांगे आणि ऐकणारे माना डोलवत. गिऱ्हाईक मान डोलावतं तेव्हा त्याला पटलेलं असतं असं नाही, त्याला घरी जायचं असतं. पण हा फरक उस्तादला चाळीस वर्षांत कळला नाही.

तीन वर्षांपूर्वी लेकीने आणि जावयाने जपानी गाडी घेतली. जावई सरकारी नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. काटेकोर, हळू बोलणारा, चष्मा पुसल्याशिवाय कुठलाही कागद न वाचणारा. उस्ताद त्याला पाठीमागे 'पुस्तकराव' म्हणायचा आणि तोंडावर 'जावईबापू', आणि दोन्हींचा सूर एकच असे. पहिल्याच आठवड्यात पुस्तकरावांनी पुस्तिका आणून एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. या इंजिनाला पूर्ण सिंथेटिक, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी, म्हणजे अगदी पातळ तेल घालावं. आतल्या वाटा अरुंद आहेत, इंजिन गार असताना सुरू केलं की तेल क्षणात वरपर्यंत पोचायला हवं, म्हणून.

"हे तेल नव्हे, हे पाणी," उस्ताद म्हणाला होता. "वीस-पन्नास घाला. चांगलं घट्ट. बोटाला चिकटलं पाहिजे. जे बोटाला चिकटत नाही ते लोखंडाला काय चिकटणार?"

त्यावर दोन तास वाद झाला. वाद म्हणजे उस्ताद बोलला आणि जावयाने चष्मा पुसला. त्या दिवशी उस्ताद जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावरून उठला. पुढच्या रविवारी मात्र जावई तेल बघायची लांब लोखंडी पट्टी इंजिनातून काढून, जुन्या फडक्यावर आडवी धरून, दोन जिने चढून वर घेऊन आला. उस्तादने बोट लावलं, डोळे मिटले, आणि त्याचा चेहरा उजळला. घट्ट. वीस-पन्नास. पोराला अक्कल आली.

तेव्हापासून दर रविवारचा हा रिवाज होऊन बसला. लेक आणि जावई दहाच्या सुमाराला येत, उस्तादची बायको चहा ठेवी, जावई पट्टी घेऊन वर येई, आणि उस्ताद निकाल देई. "या आठवड्यात उन्हात उभी केलीत." "लेकीने चालवली वाटतं, तेल सुखी आहे." "आणखी पाचशे किलोमीटर, मग बदला." जावई दर वेळी "बरं" म्हणे आणि पट्टी पुन्हा खाली नेई. आपण एका सुशिक्षित गाढवाला माणसात आणलं याचं उस्तादला इतकं समाधान होतं की भेटेल त्याला तो ही गोष्ट सांगे. जपानी असो नाहीतर चंद्रावरची असो, तीन वर्षं माझ्या तेलावर चालतेय, बघा जाऊन.

बघायला कोणी गेलं नाही. ऐकून तसं केलं मात्र एकीने. ती त्याची धाकटी बहीण.

बहीण बायकांना गाडी चालवायला शिकवायची. नवरा गेल्यावर तिने हे सुरू केलं होतं आणि त्यावरच तिचं घर उभं होतं. जुनी गाडी मोडीत निघाली तेव्हा आठ महिन्यांपूर्वी तिने भाचीच्याच मॉडेलची एक वापरलेली गाडी घेतली आणि तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून घेतला. तेल कोणतं घालू म्हणून तिने भावाला विचारलं. उस्ताद म्हणाला, लेकीच्या गाडीत आहे तेच. तिने पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. दादाने सांगितल्यावर उघडायची कशाला?

त्या रविवारी साडेदहाला तिची गाडी पार्किंगमध्ये शिरली आणि वर चहा घेत बसलेल्या सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात कोणीतरी साखळी घालून हलवावी तसा. जावयाने कप खाली ठेवला.

बहीण वर आली ती थेट गॅलरीत. "दादा, ऐकलंस ना? आधी फक्त सकाळी करायची, आता दिवसभर करते. काल समोर पिवळा दिवाही लागला. गुरुवारी माझ्या पाच बायकांची परीक्षा आहे रे. दुसऱ्या कुणाची गाडी मागायची तर तिला माझ्या बाजूला ब्रेक नसतो. मी काय करू ते सांग."

"पट्टी आणलीस?"

तिने आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. उस्तादने थेंब घेतला, डोळे मिटले, फार वेळ चोळला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तेलात काही खोट नाही," तो शेवटी म्हणाला. "खोट तुझ्या बायकांत आहे. तीस वेळा बंद पाडतात, तीस वेळा चालू करतात. क्लचवर पाय ठेवून झोपतात. इंजिन बिचारं काय करणार? आणि हे तेल जरा सैल पडलंय. आणखी घट्ट घाल. ट्रकवाले घालतात ते घे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, आणि वरून ती घट्ट करायची बाटली मिळते ती ओत. आवाज गप्प होईल."

"आत्या, त्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला दाखव ना," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच होता.

"सर्व्हिस सेंटर," उस्ताद म्हणाला आणि गॅलरीतून खाली थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. "इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं. संगणकाला वायर लावतात आणि संगणक सांगेल ते बदलतात. यांच्यातल्या एकाचं नख काळं दिसलं तर मी मिशी उतरवीन. आत्याने तिकडे जावं? ज्या घरात मी आहे त्या घरातून?"

"मी उद्या स्वतः घेऊन जाते हवं तर," लेक पुन्हा म्हणाली.

"तू गप्प बस. तुझी गाडी तीन वर्षं कोणाच्या तेलावर चालतेय?"

जावई चष्मा पुसू लागला. बहिणीने पट्टी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. "दादा सांगतोय तर तसंच करते," ती म्हणाली. "आत्ताच जाऊन आणते. इथेच ओतू, तुझ्या डोळ्यांदेखत." आणि ती भराभर जिना उतरली. खाली साखळीचा आवाज सुरू झाला आणि फाटकाबाहेर गेला.

"याला म्हणतात विश्वास," उस्ताद जावयाकडे बघत म्हणाला. "पुस्तकात नसतो तो."

"बाबा, आत्याला फोन करा," लेक म्हणाली. "ते तेल ओतू नको म्हणून सांगा."

"का?"

"आमच्या गाडीत तुमचं तेल नाही. कधीच नव्हतं."

उस्ताद हसला. पोरगी काहीतरी डोकं चालवतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि तिची त्याला कीव आली. "अगं, अर्ध्या तासापूर्वी माझ्या या बोटाला लागलं ते काय होतं मग? लोणी?"

"पट्टीला ते आम्ही लावत होतो. खाली, जिन्यापाशी. डिकीत एक बाटली असते."

तो खुर्चीचे हात धरून उठला. बायको पुढे आली तर तिला त्याने हाताने बाजूला केलं. दोन जिने उतरायला त्याला पाव तास लागला. प्रत्येक पायरीवर गुडघा बोंबलत होता आणि प्रत्येक पायरीवर तो मनात म्हणत होता, खोटं बोलतेय. आत्याचा कळवळा आलाय आणि नवऱ्याने पढवलंय. आता काढतो पट्टी आणि मारतो तोंडावर.

तीन वर्षांत तो या गाडीजवळ पहिल्यांदाच उभा राहिला. जावयाने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर तेल ओतायचं झाकण होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी. ते वाचायला पुस्तिका लागत नव्हती, फक्त खाली उतरावं लागत होतं. उस्तादने स्वतः पट्टी ओढली आणि टोकाला बोट लावलं. बोटाला काही चिकटलं नाही. मधासारख्या रंगाचं पातळ तेल तळव्यावर ओघळून मनगटापर्यंत गेलं. इंजिन तीन वर्षं जुनं होतं आणि आतून नव्यासारखं स्वच्छ होतं.

"बाटली," तो म्हणाला.

लेकीने डिकी उघडून आणून दिली. खोकल्याच्या औषधाची बाटली होती, वरची चिठ्ठीही तशीच. आत काळपट घट्ट तेल, निम्म्याच्या खाली उतरलेलं.

"औषध कोणाचं?"

"तुमचंच," मागून बायको म्हणाली. ती त्याच्या पाठोपाठ उतरून आली होती. "मीच धुऊन दिली होती. तुम्ही जेवत नव्हता म्हणून."

म्हणजे घरात त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं. उस्तादच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण त्याहून वाईट काहीतरी त्याच्या मनात हळूहळू वर येत होतं, आणि ते विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"यात तेल कधी भरता?"

लेकीने जावयाकडे पाहिलं.

"विचारतोय ना. आठवड्याला? महिन्याला?"

"एकदाच भरलं होतं," जावई म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. थोडं जुनं तेल मिसळून, रंग जमावा म्हणून. दर वेळी दोन थेंब पुरतात."

एकच बाटली. एकच तेल. या आठवड्यात उन्हात उभी केलीत. या आठवड्यात लेकीने चालवली. आणखी पाचशे किलोमीटर. सव्वाशेहून जास्त रविवार, आणि दर रविवारी त्याच तेलात त्याला काहीतरी नवीन सापडलं होतं. डोळे मिटून त्याने जे जे सांगितलं त्यातलं काही त्या थेंबात नव्हतं. मग चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांना जे सांगितलं त्यातलं किती होतं? उस्ताद गाडीच्या दाराला टेकला.

"तुम्ही हसत असाल," तो म्हणाला.

"नाही," जावई म्हणाला, आणि तो खरं बोलत होता. तेच जास्त लागलं. हसले असते तर निदान भांडता आलं असतं. हा माणूस तीन वर्षं सरळ चेहऱ्याने दोन जिने चढत होता, उतरत होता, 'बरं' म्हणत होता, आणि आपण त्याला गाढव समजत होतो. आजाऱ्याला गोळी द्यावी तसा तो दर रविवारी बोटाला तेल लावून जात होता.

"मला सांगायचं होतंस," तो लेकीला म्हणाला.

"बाबा, तुम्हाला काही सांगता येतं का? वर्कशॉप गेलं तेव्हापासून घरात कोणी तोंड उघडलं की तुम्ही त्याला मूर्ख म्हणता. आईला रोज म्हणता. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा ती बाटली बाळगणं सोपं होतं." तिचे डोळे भरून आले होते पण ती थांबली नाही. "पण तुम्ही आत्यालाही तेच घालायला लावलंय, हे मला आज कळलं. मला वाटलं, ती सर्व्हिस सेंटरला नेत असेल. सगळे नेतात. तुमचं ऐकून खरंच ते तेल घालणारं कोणी असेल असं मला वाटलंच नाही."

आपण काय बोललो हे लेकीला ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं. उस्तादने पट्टी पुन्हा जागच्या जागी सरकवली. ती नीट बसेपर्यंत दोनदा चुकली.

तेवढ्यात साखळीचा आवाज ऐकू आला. बहिणीची गाडी आत आली, लेकीच्या गाडीशेजारी उभी राहिली, आणि बंद केल्यावरही क्षणभर खडखडत राहिली. बहीण डबा आणि बाटली काखेत घेऊन उतरली. दादा खाली उभा आहे हे बघून तिचा चेहरा खुलला.

"अरे, तू उतरलास? माझ्यासाठी?" ती म्हणाली. "आता मला काळजीच नाही. तो दुकानदार काय शहाणपण शिकवत होता म्हणून सांगू. म्हणे बाई, या गाडीला हे चालणार नाही, इंजिन बसेल. मी म्हटलं, माझा भाऊ कोण आहे माहीत आहे का? गप्पच झाला. चल, सांग, किती ओतू?"

लेक पुढे झाली. तिला बोलायचं होतं, आपल्या बाटलीचं सगळं सांगून टाकायचं होतं. उस्तादने हात आडवा घातला. हे एक तरी आपण स्वतः बोलावं, एवढी लाज त्याला शिल्लक होती.

"ओतू नकोस," तो म्हणाला.

"मग आधीचं काढायचं का?"

"आधीचं काढायचं. तेही चूक होतं."

"म्हणजे?"

"लेकीच्या गाडीत माझं तेल नाही. पुस्तिकेतलं आहे, पातळ. पहिल्यापासून. मी कधी बघितलंच नव्हतं. वर बसून सांगत होतो."

बहिणीने लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली होती. तिने डबा हळूच जमिनीवर ठेवला.

"बघितलं नव्हतंस," ती म्हणाली. "आणि मला सांगितलंस. आणि ते बोट? मघाशी डोळे मिटून चोळत होतास ते? त्यात काय दिसलं तुला?"

उस्तादने ते बोट मुठीत मिटून घेतलं.

"माझ्या बायकांना नावं ठेवलीस. त्या बंद पाडतात म्हणालास. त्या तीस नव्हे, चाळीस वेळा बंद पाडतात, त्या शिकतायत रे. त्यातल्या एकीला मी काल या खडखडाटापायी गाडीतून उतरवलं, तुझ्या पायाला वळण नाही म्हणून सुनावलं. रडली ती." तिने एक श्वास घेतला. "बरं. झालं ते झालं. आता कोणतं घालायचं तेवढं सांग. तू म्हणशील ते घालते, आत्ता."

ती खरंच थांबली होती. एवढं झाल्यावरही थांबली होती. साऱ्या जगात त्याचं ऐकणारी ही एकच बाई होती आणि तिच्याच इंजिनाची त्याने वाट लावली होती. झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी, हे शब्द उस्तादच्या जिभेवर होते. झाकणावर छापलेले त्याने नुकतेच वाचले होते. ते जरा खालच्या आवाजात, डोळे बारीक करून म्हटले असते तर ती मान डोलावून गेली असती आणि पुन्हा तो उस्ताद झाला असता. तिला पटलं असतं. तिला नेहमी पटायचं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "तुझी गाडी वापरलेली आहे, इंजिनाचं काय झालंय तेही मला कळत नाही. मला विचारू नकोस."

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. ही नजर उस्तादला चांगली ओळखीची होती. चुकीचं तेल घालून गाडी घेऊन आलेल्या माणसाकडे तो चाळीस वर्षं असंच बघत आला होता. असं बघणाऱ्याच्या समोर उभं राहिल्यावर काय वाटतं हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

गाडीचा पुढचा खण उघडून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतली पुस्तिका काढली आणि जावयाला हाक मारली. दोघं बॉनेटवर पुस्तिका पसरून पान शोधू लागले. गुरुवारपर्यंत होईल का, आतली साखळी गेली असेल का, सर्व्हिस सेंटर रविवारी उघडं असतं का, असं ती विचारत होती आणि जावई चष्मा पुसून एकेक उत्तर देत होता. उस्तादही न राहवून जवळ आला आणि त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघू लागला. अक्षरं बारीक होती, त्याला दिसेनात.

बहिणीने मान वर केली नाही.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. "उजेड अडतोय."